इम्पांगेलेच्या ठिपक्यांची भिंत

मादुबेच्या हातांना कायम शेणाचा वास यायचा. लग्नाला जावो की चर्चला, ती हात लपवायची नाही. शेजारी कोणी नाक मुरडलं तर म्हणायची, "नीट हुंगून घे. हेच तुझ्या घराच्या भिंतीला आहे. तिथे मुरडतेस का?"

आमच्याकडे बाईला माहेरच्या कुळावरून हाक मारतात आणि कुळं सगळी जनावरांची. दुबे म्हणजे झेब्रा. ती झेब्र्यांच्यातली लेक, म्हणून मादुबे. नवरा न्डलोवू, म्हणजे हत्तींच्यातला. तो जोहान्सबर्गला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. मी सिबांडा, सिंहांच्यातली. मी दारात दिसले की ती आत ओरडायची, "बुहले, भांडी झाक गं. सिंहीण आली. झेब्र्याच्या घरी रोज जेवायला येते, लाज नाही."

"आज काय केलंय?" मी विचारायचे.

"आज मीच आहे. कुठून सुरुवात करतेस? तंगडीपासून?"

बुहले तिची मुलगी. पूर्ण नाव बुहलालुसे. आम्ही दोघी एका बाकावर शिकलो. मी पुढे ग्वेरूला साहित्य शिकायला गेले, पदवी घेतली आणि नोकरी न मिळता परत आले. बुहले कुठे गेलीच नाही. ती कमी बोलायची. मी तिला भेटायला म्हणून जायचे आणि गप्पा तिच्या आईशी मारून यायचे. बुहले मधेच हसायची, तेवढंच. असं होता होता मादुबे माझी मैत्रीण झाली. वयाचं काही मधे आलं नाही.

कापणी उरकून थंडी पडली की आमच्या टेकड्यांतल्या बायका भिंती काढायला, म्हणजे रंगवायला घेतात. आधी वारुळाची माती आणि शेण कालवून सारवण. ते वाळलं की वर रंग. ओढ्याकाठची पांढरी माती, गेरू, चुलीतली राख, भांड्याच्या बुडाची काजळी. कुंचला म्हणजे चावून मऊ केलेली काडी, नाहीतर कोंबडीचं पीस, नाहीतर बोट. कोणी बिबट्याची फुलं काढतं, कोणी अजगराची पाठ. मादुबे पट्टे काढायची. तिचे पट्टे बघितले की वाटायचं, घर आत्ता उठून चालू लागेल. मग पाऊस सुरू होतो आणि सगळं ओघळून अंगणात येतं. पुढच्या थंडीत पुन्हा पहिल्यापासून.

दर वर्षी पुसून जातं याचं वाईट नाही का वाटत, असं मी तिला एकदा विचारलं.

"खाल्लेलं पोटातच राहिलं तर बरं वाटेल का तुला?" ती म्हणाली. "जाऊ दे की. जागा नको का व्हायला?"

रेफिल्वे त्या भिंती बघूनच आमच्या गावात थांबली. ती जोहान्सबर्गची. टेकडीच्या पायथ्याशी रिसॉर्ट उभं राहायचं होतं आणि त्याची सगळी आखणी तिच्याकडे होती. डोक्याला फडकं, पायात मातीचे बूट. ती झुलू बोलायची, ते आम्हाला कळायचं. ती म्हणाली, सिमेंट नको, डब्यातला रंग नको, जिवंत झाड तोडायचं नाही. गवताची छपरं खवल्या मांजराच्या पाठीसारखी एकावर एक उतरवायची. वारुळात जशी खालून वर हवा खेळते तशी खोल्यांतून खेळवायची, म्हणजे यंत्र लागणार नाही. दिवे सुगरणीच्या खोप्यासारखे विणायचे. दाराच्या मुठी वाळून पडलेल्या मोपानी झाडाच्या लाकडाच्या, धनेशाच्या चोचीसारख्या. प्रत्येक घर एका जनावराचं. आणि भिंती तुमच्या, तुम्ही काढता तशा.

"म्हणजे शेणाच्या?" मान्याथीने विचारलं. ही मादुबेची शेजारीण, रेड्यांच्या कुळातली, तोंडाची तशीच.

"हो, शेणाच्याच."

"लोक विमानात बसून येणार आणि शेणाच्या खोलीत झोपणार? माझ्या गोठ्यात धाड त्यांना. तिथे ताजं असतं."

बायका हसून हसून बसल्या. रेफिल्वेही हसली. मग सगळ्या कामाला लागल्या. ती थंडी आमच्या गावातली सगळ्यात चांगली थंडी होती. बायका गात गात जायच्या आणि गुडघ्यापर्यंत चिखल लावून परत यायच्या. मी रेफिल्वेच्या माणसांना भाषेत मदत करायचे. त्यातले काही हरारेचे होते, त्यांना आमची भाषा यायची नाही.

जेवणाच्या दालनात एक मोठी भिंत होती. आत शिरल्या शिरल्या समोर येणारी. तिथे कोणतं जनावर काढायचं ते ठरत नव्हतं. मादुबेला अर्थातच पट्टे हवे होते.

"इम्पांगेले," बुहले म्हणाली.

इम्पांगेले म्हणजे रानातली ठिपक्यांची कोंबडी. काळं अंग, त्यावर पांढरे ठिपके. आमच्या शेतांतून थव्याने फिरते आणि दिवसभर कुरकुरत असते.

"कोंबडी?" मादुबे म्हणाली. "बिबटे मेले का सगळे? अजगर संपले? मालकाने एवढी भिंत दिली आणि ही कोंबडी काढतेय."

"तुझा झेब्रा दोन रंगांत उरकतो. माझी कोंबडीही दोन रंगांत उरकते. ओरडतेस कशाला?"

रेफिल्वेने बुहलेची बाजू घेतली.

बुहलेने काजळी आणि शेण घोटून आधी सगळी भिंत काळी केली. मग पांढऱ्या मातीत बोट बुडवून ठिपके द्यायला लागली. मादुबे खाली उभी राहून सांगत होती, "काडी घे. बोट सोलवटेल."

"काडीने सगळे ठिपके सारखे येतात. कोंबडी काय यंत्रातून पडली?"

तिने कोंबडी काढलीच नाही. चोच नाही, पाय नाहीत. फक्त पिसारा, अगदी जवळून पाहिल्यासारखा. मानेकडे करंगळीचे बारीक ठिपके, पोटाकडे येता येता अंगठ्याचे मोठे. दालनात शिरलं की ती भिंत श्वास घेतेय असं वाटायचं. जवळ गेलं की पांढऱ्या ठिपक्यात बोटाच्या रेषा दिसायच्या.

काम संपलं तेव्हा मादुबे कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. "एक कोपरा घाईत केलायस," ती म्हणाली. पण घरी जाताना रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होती, "वेळ काढून जा आणि बघून ये. माझ्या पोरीने कोंबडी काढलीय. हो, कोंबडीच. हसू नको, आधी बघून ये."

सगळ्या भिंती वाळल्यावर रेफिल्वेने जवसाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण गरम करून आणलं. फडक्याने ते भिंतींना चोपडलं. वाळू दिलं, पुन्हा चोपडलं, पुन्हा वाळू दिलं. मग तिने बायकांना बोलावलं आणि पेलाभर पाणी बुहलेच्या भिंतीवर फेकलं. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळून खाली पडले. भिंत कोरडी. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"मग पुढच्या वर्षी आम्ही काय करायचं?" मादुबेने विचारलं.

"काहीच नाही," रेफिल्वे म्हणाली. "आता हे राहील."

"ऐकलंस?" मान्याथी म्हणाली. "ताट वाढलं आणि उचललंसुद्धा."

बुहलेने पुढे होऊन भिंतीवर तळवा ठेवला. "गार लागतंय," ती म्हणाली.

त्याच पावसात बुहले गेली. पोटात दुखायला लागलं. दुखणं वाढलं तेव्हा गाडी मिळाली, आणि गाडी मिळाली तेव्हा ओढ्याला पूर होता. बुलावायोला, इस्पितळाकडे जाणारा रस्ता पलीकडे होता. आम्ही अलीकडे थांबलो. मागच्या बाकावर मादुबे बुहलेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी पुढे चालकाशेजारी होते. एका दगडावर नजर ठेवून मी पाणी उतरतंय का ते बघत होते. दगड दिसायला लागला तेव्हा मी वळून सांगितलं, "उतरतंय." मादुबे म्हणाली, "आता घाई नाही."

मला पुढचं नीट आठवत नाही. लोक होते, गाणी होती, खड्डा होता.

विहिरीवर बायका तिला नाकाबुहले म्हणायच्या, बुहलेची आई. आता ते कोणाच्या तोंडून निघेना. काही दिवस तिला कोणी हाकच मारली नाही. मग तिनेच एकदा हंडा आपटून सांगितलं, "मला नाव आहे. मादुबे म्हणा." तिने काळा झगा घातला तो घातला. पुढची थंडी आली. बायकांनी भिंती काढल्या. तिची भिंत तशीच राहिली, नुसती माती. दुखवटा संपेपर्यंत घराला रंग लावत नाहीत.

आमच्यात मेलेल्याला वर्षाने घरी आणतात. नाचणीची बियर करतात, बकरा कापतात, घरातला थोरला थडग्यापाशी जाऊन म्हणतो, चल, घरी चल. तोवर ते माणूस बाहेर असतं, रानात, थंडीवाऱ्यात. त्याला घर नसतं. टेकड्यांतल्या न्डलोवूंच्यात आणखी एक पाळतात. मेलेल्याने हाताने काढलेली भिंत पाण्याने धुऊन जावी लागते. खरवडायची नाही, ते कातडं सोलण्यासारखं. वर दुसरं सारवण चढवायचं नाही, ते तोंड दाबण्यासारखं. हात भिंतीवर आहे तोवर माणूस कामात आहे, असं मानतात. कामातल्या माणसाला हाक मारायची नसते. बहुतेक वेळा हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पाऊस येतो आणि काम होऊन जातं.

मादुबेच्या स्वयंपाकघराची पुढची भिंत बुहलेने काढली होती. ती त्याच पावसात गेली. मादुबे ओसरीवर बसून बघत होती. मीही होते. पांढरं पाणी उंबऱ्यावरून वाहत होतं.

वर्ष भरलं तेव्हा खुलू वेलाफी दिवस ठरवायला आला. तो मादुबेच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, गावाचा खुलू, म्हणजे आजोबा. अर्धा बहिरा, पण त्याला हवं ते ऐकू येतं. तो स्टुलावर बसला. मादुबे खाली जमिनीवर, नजर खाली. सून थोरल्याच्या तोंडाकडे बघत नाही.

"बकरा?" त्याने विचारलं.

"आहे, बाबा."

"नाचणी?"

"भिजत घातली. मोड आलेत."

"चांगलं. हात कुठे राहिलाय का तिचा?"

"घरची भिंत गेली, बाबा."

"शेजारी कुठे? मामाकडे?"

आत मान्याथी भांडी घासत होती, तो आवाज थांबला. आमच्यापैकी एकीलाही तोवर हे सुचलं नव्हतं.

"रिसॉर्टला आहे," मादुबे म्हणाली.

"मग? तिथे पाऊस पडत नाही?"

"आत आहे, बाबा. छपराखाली. आणि वरून तेल लावलंय."

"काय लावलंय?"

"तेल."

"भिंतीला तेल? तळायची होती का?"

कोणी हसलं नाही. खुलू वेलाफी काठीने जमिनीवर रेघा मारत राहिला. मग म्हणाला, "हाक मारून आली नाही तर? एकदा हाक मारून आली नाही, तर पुन्हा कोणत्या तोंडाने बोलवायचं? आधी भिंतीचं बघा."

"आणि नाचणी, बाबा? मोड आलेत."

"कोंबड्यांना घाला."

दुसऱ्या दिवशी मी आणि मादुबे रिसॉर्टला गेलो. तिथले व्यवस्थापक चिकोवोरे साहेब हरारेचे. आमची भाषा त्यांना जेमतेम येते, म्हणून मी. त्यांनी मादुबेला बघून उठून उभं राहून टाळ्या वाजवत नमस्कार केला, त्यांच्याकडे करतात तसा. चहा मागवला.

"आम्ही तुम्हाला बोलावणारच होतो," ते म्हणाले. "या, दाखवतो."

दालनात टेबलं मांडलेली होती. भिंत तशीच होती. मादुबे बुहले गेल्यानंतर पहिल्यांदाच तिच्यासमोर उभी राहिली. भिंतीशेजारी लाकडाची एक सुंदर पाटी लावली होती. तापल्या सळईने अक्षरं कोरलेली, इंग्रजी.

"रेफिल्वे मॅडमनी स्वतः करून पाठवली," चिकोवोरे साहेब म्हणाले.

"काय लिहिलंय?" मादुबेने मला विचारलं.

मी वाचलं. मग आमच्या भाषेत सांगितलं. "बुहलालुसे न्डलोवू. तिचे हात इथे कायम आहेत."

मादुबेने खुर्चीची पाठ धरली. चिकोवोरे साहेबांना वाटलं, तिला भरून आलं. त्यांनी धावत पाणी आणलं. "पाहुणे पहिल्यांदा इथेच येतात," ते हळू आवाजात मला म्हणाले. "यांना सांगा. ही भिंत आम्ही कधी पुसू देणार नाही."

तेही मी सांगितलं.

मग मी त्यांना सगळं समजावलं. ते ऐकत राहिले. मधे एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. "आमच्यातही घरी आणतात," ते म्हणाले. "माझ्या वडिलांना मीच आणलं. पण भिंतीचं आमच्यात नाही." त्यांनी रेफिल्वेला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मी तिलाही सगळं सांगितलं. ती रडायला लागली.

"तेल काढता येणार नाही का?" मी विचारलं.

"ते मातीत मुरलंय. आता माती आणि तेल वेगळं नाही."

"घासून?"

"घासलं तर ठिपकेच निघतील. खरवडल्यासारखे."

"खरवडायचं नाही," मादुबे म्हणाली.

"मी मालकांना सांगून ती भिंत पाडायला लावते," रेफिल्वे म्हणाली. "मादुबे, मी सांगते त्यांना. माझं ऐकतील."

"पाडायची नाही. हात मोडेल तिचा."

"मग काय करू मी?"

"पाण्याने जाऊ दे."

"पाण्याने जात नाही ती. त्यासाठीच तेल लावलं होतं."

मी एकीचं दुसरीला सांगत होते. त्याची गरज नव्हती, रेफिल्वेची झुलू मादुबेला कळत होती. तरी मी पुन्हा पुन्हा सांगत होते. तिथे कोणीही चुकीचं बोलत नव्हतं. मला कोणावर तरी रागवायचं होतं. चिकोवोरे साहेब रुमालाने चष्मा पुसत होते.

शेवटी मादुबे म्हणाली, "मला एकदा पाणी घालून बघू द्या. घरच्यांना घेऊन येते."

"या," चिकोवोरे साहेब म्हणाले. "पाहुणे सकाळी टेकडीवर जातात. तेव्हा या."

आम्ही गेलो. खुलू वेलाफीने कोट आणि हॅट घातली होती. मादुबे, मान्याथी, आणखी दोघी-तिघी आणि मी डोक्यावर ओढ्याचं पाणी घेऊन चालत होतो. नळाचं चालणार नव्हतं. दारात वाढपी बाजूला झाले. कोणीतरी टेबलं आधीच मागे सरकवून ठेवली होती.

खुलू वेलाफी भिंतीसमोर उभा राहिला. हॅट काढली. "काय गं," तो म्हणाला, नेहमीच्या आवाजात. "अजून कामच करतेयस? पुरे झालं. हात धू. आई थांबलीय."

त्याने पहिला तांब्या ओतला. मग मादुबेने. मग आम्ही सगळ्यांनी. हळूहळू, वरून खाली, जसा पाऊस भिंतीवरून येतो तसं. पाणी काळ्यावरून घसरत गेलं. जमिनीवर तळं झालं. मी वाकून बघत होते, पाण्यात पांढरं उतरतंय का. नाही. फक्त धूळ उतरली होती. वर्षभराची धूळ.

ती गेल्यावर भिंत उजळली. काळा रंग गर्द झाला. ठिपके पहिल्या दिवशी होते त्याहून पांढरे दिसायला लागले. प्रत्येक ठिपक्यात बोटाच्या रेषा, स्पष्ट.

मान्याथीने खांद्यावरच्या फडक्याचं टोक तोंडात कोंबलं. या बाईला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. हंडे रिकामे झाले.

"काम चांगलं करायची पोरगी," खुलू वेलाफी म्हणाला. हॅट डोक्यावर ठेवली. "थांबू आपण."

"किती, बाबा?" मादुबेने विचारलं. नजर खालीच.

"ते मला काय माहीत?" तो म्हणाला. मग जरा मऊ होऊन म्हणाला, "मी तर आधी जाईन, सूनबाई. रानात भेटली तर तिला सांगेन, की आई येतेय म्हणून. हाक मारायला दुसरा कोणीतरी थोरला असेल."

वाढप्यांनी जमीन पुसायला घेतली. मादुबे जागची हलली नाही. तेवढ्यात चिकोवोरे साहेब आत आले. त्यांनी भिंत बघितली आणि थबकले.

"ही एवढी उजळते?" त्यांनी मला विचारलं. आमचे झाडणारे लोक मातीच्या भिंतींना हात लावायला घाबरतात, ते म्हणाले. वाटतं की निघेल. सगळ्या घरांच्या भिंतींवर धूळ बसलीय. रेफिल्वे मॅडम कधीपासून म्हणतायत, मातीची ओळख असलेलं कोणीतरी ठेवा. मग जरा चाचरले. "आज विचारणं बरं नव्हे. पण त्यांना काम हवं असेल तर. ओल्या फडक्याने, हलक्या हाताने. बाकी काही नाही."

मला हे सांगायचं नव्हतं. मी सांगितलं.

मादुबे त्यांच्याकडे वळली. "रोज पाणी लावू द्याल?"

"रोज?" ते म्हणाले. "हो. रोज लावा."

परतीच्या वाटेवर बायका पुढे गेल्या. आम्ही दोघी मागे राहिलो. ओढ्यापाशी ती थांबली आणि पाण्यातला एक गोटा पायाने उलटा केला.

"हा आधी धोंडा होता," ती म्हणाली. "पाण्यानेच झाला ना असा?"

"त्याला किती वर्षं लागली असतील, मादुबे."

"मग? मला दुसरं काय काम आहे?"

ग्वेरूत मी मोठमोठी पुस्तकं वाचली. दुःखावर पानंच्या पानं लिहून परीक्षा दिली. त्या ओढ्याकाठी मला एक वाक्य सुचलं नाही.

आता ती रोज जाते. काळ्या झग्यावर रिसॉर्टचं हिरवं एप्रन. झगा काढणार नाही म्हणाली, चिकोवोरे साहेबांनी हरकत घेतली नाही. बिबट्याचं घर, अजगराचं घर असं पुसत पुसत ती दालनात येते. पाहुणे तिला सकाळचा नमस्कार करतात. ती मान हलवते. येत्या थंडीत सगळ्या भिंतींना तेलाचा नवा हात द्यायचा आहे. ते काम तिचंच. बाकीच्या भिंतींना देईन, बुहलेच्या भिंतीला नाही, असं तिने सांगून ठेवलंय. साहेब म्हणाले, मालकांना विचारून बघतो.

गावात तिचं घर अजून नुसत्या मातीचं आहे. बकरा आता म्हातारा व्हायला लागलाय. मान्याथी त्याला बघून म्हणते, "हा आपल्या सगळ्यांना पोचवून मरणार." मादुबे हसते. हसते, पण मला सिंहीण म्हणत नाही आता. जेवायला बस म्हणते, साधं.

परवा मी तिला भेटायला रिसॉर्टलाच गेले. दालन रिकामं होतं. ती बुहलेच्या भिंतीसमोर गुडघ्यांवर बसून खालचे, अंगठ्याचे ठिपके पुसत होती. एकेक ठिपका. फडकं बोटाला गुंडाळून, गोल, गोल. लहान पोराचं तोंड पुसावं तसं.

मी शेजारी बसले. विचारलं, "झिजतंय का काही?"

तिने फडकं उलगडून माझ्यासमोर धरलं. कुठेही पांढरं नव्हतं. कुठेही काळं नव्हतं.

"साहेब सांगत होते, पाहुणे म्हणतात भिंत कालच काढल्यासारखी दिसते," ती म्हणाली.

मला तिचा हात धरायचा होता. तो ओला होता आणि कामात होता.

"जा," ती म्हणाली, "बादलीतलं पाणी बदलून आण."

बादलीतलं पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. मी ते झाडांना ओतलं आणि दुसरं भरून आणलं.